खान्देशातून अंदमानात बदली : घर, पाणी, भाकरी आणि बोटीचे वेळापत्रक

बँक, केंद्रीय विद्यालय, तटरक्षक दल, टपाल खाते किंवा एखाद्या ठेकेदाराकडचे काम, यांपैकी कोणत्याही निमित्ताने जळगाव, धुळे किंवा नंदुरबारकडच्या माणसाला अंदमानची ऑर्डर आली, की घरात सर्वांत आधी समुद्राची चर्चा सुरू होते. प्रत्यक्ष तिथे राहायला गेल्यावर मात्र समुद्राचा त्रास फारसा होत नाही. त्रास होतो तो दमट हवेचा, लवकर मावळणाऱ्या दिवसाचा आणि बोट कधी लागते यावर चालणाऱ्या बाजाराचा. या तिन्ही गोष्टींची तयारी बऱ्याच अंशी खान्देशात असतानाच करता येते, म्हणून हा लेख निघण्याच्या आधीपासून सुरू केला आहे. यातील बहुतेक माहिती पोर्ट ब्लेअर शहराला धरून आहे, कारण नव्याने येणाऱ्यांपैकी बहुतेकांचा मुक्काम तिथेच पडतो. 2024 पासून या शहराचे अधिकृत नाव श्री विजयपुरम असे झाले असले, तरी बोलण्यात दोन्ही नावे चालतात.

निघण्याआधीची कामे

भारतीय नागरिकाला अंदमान बेटांवर जाण्यासाठी वेगळा परवाना लागत नाही. निकोबार बेटांवर नेमणूक असेल तर मात्र जिल्हा प्रशासनाचा ट्रायबल पास आवश्यक असतो आणि तो आपल्या कार्यालयामार्फतच काढून घ्यावा. सर्व मूळ कागदपत्रे, म्हणजे गुणपत्रिका, जन्मदाखले, जातीचे दाखले, जमिनीचे उतारे, यांच्या प्रती डिजिलॉकरमध्ये किंवा अन्यत्र साठवून ठेवाव्यात आणि मूळ प्रती शक्यतो गावीच ठेवाव्यात. बेटावरच्या दमट हवेत कागदाला बुरशी लागते, आणि बुरशी लागलेली गुणपत्रिका पुन्हा मिळवण्यासाठी विद्यापीठात घालावे लागणारे हेलपाटे बेटावरून घालता येत नाहीत. गॅसचे सिलिंडर आणि रेग्युलेटर स्थानिक वितरकाकडे जमा करून ट्रान्सफर व्हाउचर घ्यावे, म्हणजे तिकडे नवे कनेक्शन घेण्याचा खर्च व वेळ वाचतो.

गाडीचा विचार जरा थांबून करावा. एमएच 19, एमएच 18 किंवा एमएच 39 क्रमांकाची दुचाकी न्यायची असल्यास आपल्या आरटीओकडून ना हरकत प्रमाणपत्र, कर्ज असल्यास बँकेची संमती आणि चालू विमा हे सगळे हवे. त्यानंतर चेन्नई किंवा कोलकात्याहून ती बोटीने पाठवायची, आणि बारा महिन्यांहून अधिक काळ राहणार असाल तर तिथे पुन्हा नोंदणी करून एएन 01 क्रमांक घ्यायचा. एवढा खटाटोप नव्या गाडीसाठी परवडतो. जुनी गाडी मात्र गावीच विकून तिकडे दुसरी घेतलेली बरी, कारण खाऱ्या हवेत जुन्या गाडीचे नट-बोल्ट, साखळी आणि सायलेन्सर फार लवकर गंजतात.

सामानाच्या बाबतीत पहिला नियम असा, की कूलर नेऊ नये. खान्देशात कूलरशिवाय वैशाख निघत नाही हे खरे, पण तो चालतो तो हवा कोरडी असते म्हणून. पाणी उडून जाताना हवेतली उष्णता घेऊन जाते. अंदमानात हवेत आधीच भरपूर बाष्प असल्याने पाणी उडतच नाही आणि कूलर खोलीतला ओलावा तेवढा वाढवतो. तिथले तापमान वर्षभर साधारण 23 ते 31 अंशांच्या दरम्यान राहते. जळगावचा 44 अंशांचा मे काढलेल्या माणसाला हे आकडे किरकोळ वाटतात, परंतु अंगावरचा घाम वाळत नसल्याने पहिले काही आठवडे माणूस हैराण होतो. छताचा चांगला पंखा, समोरासमोर खिडक्या आणि ज्यांना शक्य आहे त्यांना एसी, हाच तिथला उपाय आहे.

प्लायवुडचे कपाट, चामड्याच्या बॅगा, जाड गाद्या, लोकरीचे कपडे हे सर्व मागे ठेवावे. सुती कपडे, लवकर वाळणारे पंचे, प्लास्टिकच्या किंवा रबरी चपला, दोन चांगल्या छत्र्या, घट्ट झाकणाचे स्टीलचे डबे, रबरी कड असलेल्या प्लास्टिकच्या बरण्या, विजेच्या उपकरणांसाठी सर्ज प्रोटेक्टर आणि नेहमीच्या औषधांचा तीन महिन्यांचा साठा, ही यादी पुरेशी आहे.

प्रवास

मुंबई, पुण्याकडून जाण्याचा विचार बहुतेक जण करतात, पण खान्देशवासीयांना रेल्वेने चेन्नई गाठणे अधिक सोयीचे पडते. अहमदाबादहून चेन्नईला जाणारी नवजीवन एक्स्प्रेस नंदुरबार, अमळनेर, जळगाव, भुसावळ या मार्गानेच जाते. कोलकात्याहून जायचे असल्यास भुसावळहून हावड्याच्या गाड्या आहेतच. चेन्नईहून विमानाला दोन-सव्वादोन तास लागतात. बोटीला सुमारे तीन दिवस लागतात. चेन्नईपासूनचे सागरी अंतर सुमारे 1,190 किलोमीटर आणि कोलकात्यापासूनचे सुमारे 1,255 किलोमीटर आहे. बोटींच्या तारखा रेल्वेसारख्या ठरलेल्या नसतात. वेळापत्रक अधूनमधून जाहीर होते, हवामानाप्रमाणे बदलते आणि तिकिटे लवकर संपतात. कुटुंबाने पहिला प्रवास विमानाने करावा आणि जड सामान मालवाहतुकीने किंवा टपालाने मागून मागवावे, असे माझे मत आहे. बोटीचा अनुभव घ्यायचाच असेल तर तो जानेवारी ते मार्च या काळात घ्यावा, कारण तेव्हा समुद्र शांत असतो.

विमानात मसाला, तिखट आणि लोणचे हातातल्या बॅगेत नेऊ देत नाहीत, ते चेक-इन सामानातच ठेवावे. सुके खोबरे तेलकट आणि ज्वालाग्राही समजले जाते म्हणून चेक-इन सामानातून काढून घेतले जाते. काळ्या मसाल्यासाठी खोबरे नेण्याची गरजही नाही, कारण नारळ तिथे हवे तेवढे आहेत.

घर शोधताना काय पाहावे

सरकारी निवासस्थान मिळणार असेल तरी त्याची रांग मोठी असू शकते, म्हणून सुरुवातीचे काही महिने भाड्याच्या घरात काढण्याची तयारी ठेवावी. डेलानीपूर, हॅडो, जंगलीघाट, शादीपूर, स्कूल लाइन या वस्त्या बाजार व कार्यालयांना जवळ आहेत; गाराचरमा, प्रोथरापूर, बाथू बस्ती या बाजूला घरे थोडी मोकळी आणि तुलनेने स्वस्त मिळतात. खाडीपलीकडचे बांबू फ्लॅट वरवर सोयीचे वाटते, पण चाथमहून फेरीबोटीने रोज ये-जा करावी लागेल, हे लक्षात घेऊन निर्णय करावा.

घर पाहायला शक्यतो भर पावसानंतर जावे आणि भिंतीचा खालचा हातभर भाग तळहाताने चाचपून पाहावा. नवा रंग दिलेला असला तरी ओल हाताला थंड आणि चिकट लागते. कपाटाचे दार उघडून आत नाक घालावे. कुबट वास आला तर त्या भिंतीच्या मागच्या बाजूला गळती आहे असे धरून चालावे. गादी उचलून पलंगाच्या फळ्यांवर पांढरी भुकटी आहे का ते पाहावे. घराच्या मागे डोंगराची कापलेली बाजू असेल तर पावसाळ्यात तिथून माती सरकते, तेव्हा असे घर स्वस्त मिळाले तरी सोडून द्यावे.

यानंतर पाण्याची चौकशी करावी, आणि ती घरमालकापेक्षा शेजारच्या बाईंकडे केलेली चांगली. वर्षाला सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या ठिकाणी पाण्याची टंचाई असते हे आपल्याकडे सांगितले तर कोणी विश्वास ठेवत नाही. जळगावला सरासरी 700 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्याच्या चौपटीहून अधिक पाऊस अंदमानात पडूनही शहराचा पुरवठा मुख्यतः धानीखारी धरणावर अवलंबून आहे, उतारांवरून बरेचसे पाणी समुद्रात निघून जाते आणि फेब्रुवारी ते एप्रिल या काळात नळाला दोन-तीन दिवसांआड पाणी येते. उन्हाळ्यात किती दिवसांनी पाणी येते, वरची टाकी किती लिटरची आहे, भाडेकरूंमध्ये ती कशी वाटली आहे आणि पावसाचे पाणी पन्हाळीतून साठवण्याची सोय आहे का, हे चार प्रश्न विचारल्याशिवाय अनामत देऊ नये. धुळ्या-नंदुरबारच्या टंचाईत वाढलेल्या माणसाला पिंप, हंडे भरून ठेवण्याची सवय असतेच. ती सवय इथे सोडू नये.

घर ठरल्यावर पोलीस ठाण्यात भाडेकरूची नोंद करावी, गॅसचे कनेक्शन घ्यावे आणि सिलिंडर दुसराही घेऊन ठेवावा. गॅस असो वा सिमेंट, सगळे बोटीनेच येते. वीज प्रामुख्याने डिझेलवर चालणाऱ्या केंद्रांतून येत असल्याने ती अधूनमधून जाते. इन्व्हर्टर घेतला तर त्याची बॅटरी जमिनीवर न ठेवता लाकडी फळीवर ठेवावी.

घड्याळ एक, सूर्य दुसरा

अंदमानात घड्याळ आपलेच चालते, पण सूर्य आपल्यापेक्षा तासाभराहून अधिक पुढे असतो. जळगाव साधारण 75.5 अंश पूर्व रेखांशावर आणि पोर्ट ब्लेअर 92.7 अंशांवर आहे, आणि एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने फरक सुमारे 69 मिनिटांचा पडतो. जूनमध्ये जळगावात सात वाजून गेल्यावर सूर्य मावळतो. पोर्ट ब्लेअरला पावणेसहाच्या सुमारास मावळतो आणि पहाटे पाचच्या आधी उगवतो. डिसेंबरमध्ये तर संध्याकाळी पाचलाच अंधार पडू लागतो.

जो माणूस खान्देशातल्या वेळेने सातला उठतो आणि संध्याकाळी सहानंतर बाजारहाट करतो, त्याला तिथे उजेडच मिळत नाही आणि महिनाभरात उदास वाटू लागते. उपाय म्हणून साडेचार-पाचला उठून फिरणे, भाजी आणि धुणे-वाळवणे सकाळी आठच्या आत उरकावे आणि रात्री साडेनऊला झोपावे. मुलांचे खेळणे साडेतीन-चारला सुरू झाले पाहिजे. गावच्या आईवडिलांना फोन करण्याची वेळही बदलते, कारण त्यांची जेवणे होईपर्यंत तुमची झोपण्याची वेळ होते.

बाजार आणि स्वयंपाकघर

अबर्डीन बाजार हा शहराचा मुख्य बाजार आहे. मासळी भरपूर आणि ताजी मिळते. स्थानिक भाज्यांत भेंडी, वांगी, शेवगा, कच्ची केळी, मायाळू, भोपळा हे मिळते. कांदा, बटाटा, लसूण, टोमॅटो, कोबी, डाळी, गहू हे मुख्य भूमीवरून येते, त्यामुळे बोट लांबली की कांद्याचा भाव वाढतो आणि बोट लागली की उतरतो. मोठी खरेदी बोट लागल्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत करावी. दुकानदाराला विचारले तर तो माल कधी उतरणार हे सांगतो. डाळ, तांदूळ, साखर, तेल यांचा सहा आठवड्यांचा साठा नेहमी घरात असावा, त्याहून अधिक मात्र नको, कारण दमट हवेत किडे होतात. ताज्या दुधाची आवक बेताची असल्याने दुधाची पावडर आणि टिकाऊ पाकिटे यांची सवय लावून घ्यावी लागते. केळी मात्र तिथली खाऊन पाहावीत. रावेर-यावलच्या माणसाला आपल्या केळीपुढे दुसरी केळी आवडणे अवघड आहे, तरी तिथली छोटी गावठी केळी गोडीला कमी नाहीत.

खरी अडचण ज्वारीची आहे. तिथले खाणे भात आणि गव्हाचे असल्याने दादर ज्वारी बाजारात दिसत नाही. पीठ करून नेले तर ते दमट हवेत तीन-चार आठवड्यांत कडवट होते. त्यामुळे धान्य अख्खे न्यावे, आणि तेही पुढील पद्धतीने. एप्रिल-मेच्या कडक उन्हात ज्वारी दोन-तीन दिवस पसरून दाणा दाताखाली कटकन फुटेल इतकी वाळवावी, पूर्ण थंड होऊ द्यावी, कारण गरम असताना भरली तर डब्यात वाफ धरते, मग कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून पाच-पाच किलोच्या जाड पिशव्यांत हवा काढून बंद करावी. एका वेळी एकच पिशवी उघडायची. दळण्यासाठी गिरणीवाल्याशी आधी बोलून घ्यावे. गव्हावर ज्वारी दळायला तो तयार नसेल तर आठवड्याचे किलोभर पीठ मिक्सरमध्ये करून बारीक चाळणीने चाळून घेता येते. केलेले पीठ फ्रिजमध्येच ठेवावे आणि भाकरीपुरते काढून आधणाच्या पाण्यात मळावे. कळण्याची भाकरी हवी असेल तर उडीद वेगळा न्यावा आणि दळतानाच मिसळावा. मिसळून ठेवलेल्या धान्यात ओल लवकर धरते.

पापड, कुरडया, बिबड्या, सांडगे यांच्या बाबतीत ऋतू उलटा धरावा लागतो. आपल्याकडे वाळवणाचा हंगाम चैत्र-वैशाखात असतो, पण अंदमानात मे महिन्यातच नैर्ऋत्य मान्सून सुरू होतो, ऑक्टोबरपासून ईशान्येचा पाऊस येतो आणि खरे कोरडे दिवस जानेवारी ते मार्च एवढेच असतात. तिथे वाळवण करायचे तर माघ-फाल्गुनात करावे, अन्यथा गावाकडून तयार मागवावे. तयार पापड डब्यात नुसते न ठेवता आधी पातळ पिशवीत बांधून मग डब्यात ठेवले तर मऊ पडत नाहीत.

भरिताचे हिरवे मोठे वांगे तिथे मिळण्याची आशा धरू नये. मिळेल ते जांभळे वांगे तेलाचा हात लावून गॅसवर जाळीत भाजावे. काड्या-तुराट्यांवर भाजल्याची चव त्याला येत नाही, पण वर शेंगदाणे, कांद्याची पात आणि हिरव्या मिरचीची फोडणी नीट असली तर जेवण होते. शेवभाजीसाठी तिखट शेव आणि काळा मसाला मात्र गावचाच हवा. मसाला वर्षाचा एकदम न नेता चार महिन्यांचा न्यावा आणि लहान बरण्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवावा.

ओलाव्याशी रोजचा व्यवहार

कपाट भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावे आणि त्यात कमी वॅटचा बल्ब लावून पावसाळ्यात रोज तासभर जाळावा. आठवड्यातून एकदा सर्व कपडे बाहेर काढून पंख्याखाली झटकावेत. कॅमेरा, दुर्बीण, श्रवणयंत्र यांसारख्या वस्तू सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवाव्यात. बंद पडून राहिलेला टीव्ही किंवा लॅपटॉप लवकर बिघडतो, म्हणून सुट्टीवर जातानाही कोणाला तरी आठवड्याला एकदा ते सुरू करायला सांगावे. लोखंडी तवा धुतल्यावर आचेवर कोरडा करून तेल चोपडावे. दुचाकी दर आठवड्याला गोड्या पाण्याने धुवावी व साखळीला तेल द्यावे.

अंगाच्या बाबतीतही हाच नियम आहे. ओले मोजे आणि ओली अंतर्वस्त्रे यांमुळे बुरशीचे त्वचारोग फार होतात. चपला-बूट घालण्याआधी झटकावेत, कारण तिथली घोण आपल्याकडच्यापेक्षा बरीच मोठी असते आणि तिचा दंश फार वेदनादायक असतो.

आजारपण

लेप्टोस्पायरोसिस हा तिथला नेहमीचा आणि गंभीर आजार आहे. उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या चिखलपाण्यातून तो जखमेवाटे शरीरात शिरतो; म्हणून पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यात किंवा भातखाचरात अनवाणी जाऊ नये. ताप, पोटऱ्यांमध्ये तीव्र वेदना आणि डोळे लाल होणे ही लक्षणे दिसताच रुग्णालयात जावे. निकोबार किंवा दूरच्या बेटांवर मलेरियाकडेही तितकेच लक्ष द्यावे. शहरात जी. बी. पंत रुग्णालय हे मुख्य सरकारी रुग्णालय आहे आणि त्याला वैद्यकीय महाविद्यालय जोडलेले आहे. गुंतागुंतीच्या आजारांसाठी मात्र चेन्नई किंवा कोलकात्याला जावे लागते. हृदयविकार, डायलिसिस किंवा कर्करोगाचे उपचार चालू असलेल्या आईवडिलांना तिथे कायमचे नेण्याआधी त्यांच्या डॉक्टरांशी बोलणे अगदी आवश्यक आहे.

समुद्र, जमीन आणि कायदे

खान्देशात तापीच्या डोहात पोहायला शिकलेल्या माणसालाही समुद्राचा अंदाज नसतो. अमावास्या-पौर्णिमेला भरती-ओहोटी मोठी असते आणि ओहोटीचा ओढ माणसाला आत नेतो. खाऱ्या पाण्यातील मगरींचे इशारे देणारे फलक अनेक किनाऱ्यांवर आहेत. ते पर्यटकांसाठी लावलेली शोभा नव्हे. खाडीच्या तोंडाशी आणि तिवरांच्या कडेला पाण्यात उतरूच नये. शंख, शिंपले, पोवळी गोळा करून गावी नेऊ नयेत, कारण पोवळी व अनेक जातींचे शंख 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत आणि विमानतळावर सामान तपासले जाते.

बाराटांग, रंगत, मायाबंदरकडे जाणारा अंदमान ट्रंक रोड जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून जातो. जिरकाटांगहून ठरलेल्या वेळी वाहनांचा ताफा सुटतो. वाटेत थांबणे, छायाचित्र काढणे, खाण्याच्या वस्तू देणे हे सर्व गुन्हे आहेत, आणि या जमातींच्या संरक्षणाचा नियम 1956 पासून लागू आहे. गावाकडून आलेल्या पाहुण्यांना गाडीत बसण्याआधीच हे स्पष्ट सांगावे, कारण काच खाली करून मोबाइल बाहेर काढणारा पाहुणा यजमानालाही अडचणीत आणतो.

हा सगळा प्रदेश भूकंपाच्या सर्वाधिक धोक्याच्या पट्ट्यात आहे आणि 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीची आठवण तिथल्या प्रत्येक कुटुंबाला आहे. किरकोळ धक्के जाणवतात, त्यांना घाबरण्याचे कारण नाही. पण उभे राहणे कठीण व्हावे इतका किंवा बराच वेळ टिकणारा धक्का बसला, अथवा समुद्र अचानक मागे हटलेला दिसला, तर सूचनेची वाट न पाहता चढावरच्या रस्त्याने उंच जागी जावे. राहत्या घरापासून आणि मुलांच्या शाळेपासून अशी उंच जागा कोणती, हे पहिल्याच आठवड्यात चालून पाहावे.

माणसे आणि गावची वाट

भाषेची अडचण येत नाही. बंगाली, तमिळ, तेलुगू, मल्याळी, रांचीकडची आणि निकोबारी अशी सर्व माणसे एकमेकांशी हिंदीतच बोलतात. शाळा सीबीएसईच्या आहेत, त्यामुळे राज्य मंडळातून जाणाऱ्या मुलांना, विशेषतः नववीनंतर, थोडी जड जाते. मराठी कुटुंबे मोजकी असली तरी गणेशोत्सवात एकमेकांना शोधून काढतात. श्रावणात कानबाईचे रोट घरात करायचे असतील तर गहू आधीच दळून ठेवावा, कारण त्या दिवसांत पाऊस, वीज आणि गिरणी यांचा मेळ बसेलच असे नाही.

2020 मध्ये चेन्नईहून समुद्राखालची ऑप्टिकल फायबर केबल आल्यापासून शहरात इंटरनेट चांगले चालते, व्हिडिओ कॉलवर गावचे लग्न पाहता येते. दूरच्या बेटांवर मात्र बीएसएनएलचे एक सिम जवळ असावे आणि रोख पैसे ठेवावेत. ऑनलाइन मागवलेली वस्तू यायला वेळ लागतो, काही विक्रेते बेटाच्या 744 ने सुरू होणाऱ्या पिनकोडवर माल पाठवतच नाहीत. स्पीड पोस्ट हा सर्वांत भरवशाचा मार्ग आहे.

सुट्टीचे नियोजन दिवाळी आणि आखाजी (अक्षय्य तृतीया) या दोन गोष्टींभोवती होते, आणि दोन्ही वेळा विमानाचे भाडे चढलेले असते, म्हणून तिकीट तीन-चार महिने आधी काढावे. ठरलेल्या मुहूर्ताच्या लग्नाला बोटीने निघू नये. चेन्नईला विमान उतरण्याच्याच दिवशीची नवजीवन एक्स्प्रेस धरू नये, मध्ये एक रात्र ठेवावी. पावसाळ्यात विमानेही रद्द होतात. गावी अचानक जावे लागले तर घरातील सर्वांच्या एकेरी विमान तिकिटांपुरती रक्कम बँकेत वेगळी ठेवावी आणि ती इतर कोणत्याही खर्चाला हात लावू न देता तशीच राहू द्यावी.